आमच्या वाचनालयाची वेबसाइट : ठरावापासून गुढीपाडव्यापर्यंत

आमच्या वाचनालयाला पूर्वी एक वेबसाइट होती. गावातल्याच एका मुलाने कॉलेजात असताना हौसेने करून दिलेली. मुलगा नोकरीला पुण्याला गेला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या नावावर होतं, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. मुदत संपल्याचे मेल त्याच्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले असणार. डोमेन सुटलं, दुसऱ्याच कोणीतरी उचललं आणि आता तिथे ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती दिसतात. आमच्या लेटरहेडवर मात्र तोच पत्ता छापलेला होता. पत्र पाठवताना आम्ही त्यावर काळ्या पेनाने रेघ मारायचो.

मी या वाचनालयात ग्रंथपाल आहे. अमळनेरच्या बाजूचं तालुक्याचं गाव, ‘ब’ वर्गाचं शासनमान्य वाचनालय, वर अभ्यासिका, खाली देवघेव विभाग. संगणकाचं माझं ज्ञान म्हणजे एक्सेलमध्ये वर्गणीचा हिशेब आणि अनुदानाचे ऑनलाइन अर्ज. आमच्यासारख्या अनेक संस्था आहेत, ज्यांना वेबसाइट हवी आहे पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

२ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. बाहेरगावची बरीच मंडळी त्या निमित्ताने आमच्याकडेही डोकावून गेली. जुनी हस्तलिखितं पाहून म्हणायची, हे वेबसाइटवर आहे का? नाही म्हणताना ओशाळल्यासारखं व्हायचं. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. विषय प्रत्येक बैठकीत निघायचा आणि ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून पुढे ढकलला जायचा.

दिवाळीनंतर, १० नोव्हेंबरच्या रविवारी, कार्यकारिणीची बैठक झाली तेव्हा मी जळगाव आणि धुळ्याकडची दरपत्रकं घेऊनच बसले. संस्था सार्वजनिक न्यास, दरवर्षी लेखापरीक्षण होतं, त्यामुळे तीन दरपत्रकांशिवाय काही हलत नाही. एकाने १२ हजार आणि वर वर्षाला ६ हजार देखभाल सांगितली होती, दुसऱ्याने १८, तिसऱ्याने २५. तिघांच्याही कागदावर एक वाक्य सारख्याच अर्थाचं होतं : डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आमच्याकडून. आमचे अध्यक्ष आप्पा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “म्हंजे चाबी कोनाकडे शे?” मग मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. जुन्या साइटचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ठराव झाला : डोमेन, होस्टिंग व सर्व खाती संस्थेच्या नावे, काम संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी करावे, खर्चाची मर्यादा ६ हजार रुपये. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

ठराव झाला खरा, पण २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. आमचे चिटणीस नाना शाळेत शिक्षक, त्यांना निवडणुकीची ड्यूटी लागली. निकाल २३ तारखेला लागला आणि इतिवृत्तावर नानांची सही त्यानंतर झाली. हा मधला वेळ मी साधनं बघण्यात घातला.

वेबसाइट म्हणजे प्रत्येक पान कोणीतरी संगणकाच्या भाषेत लिहायचं, असाच माझा समज होता. तसं नसतं. त्यासाठी सीएमएस असते, म्हणजे मजकूर व्यवस्थापनाची प्रणाली. एकदा ती सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे राहते त्या संगणकावर, बसवली की पुढे आपण लॉगिन करून लिहायचं, फोटो टाकायचा, ‘प्रकाशित करा’ म्हणायचं. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, रूप थीममध्ये. त्यामुळे उद्या रंग बदलला तरी लिहिलेलं जात नाही. मुक्त स्रोत असलेल्यांत तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात : वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल. तिन्ही पीएचपी भाषेत लिहिलेली, तिन्ही जीपीएल परवान्याखाली, म्हणजे वापरायला, बदलायला, दुसऱ्याला द्यायला मोकळी. जूमलात अनेक भाषांची सोय मुळातच आहे, ते मला आवडलं होतं. ड्रुपलबद्दल एका कॉलेजच्या संगणक विभागातल्या सरांना विचारलं. त्यांची साइट ड्रुपल ७ वर होती, त्या आवृत्तीच्या अधिकृत दुरुस्त्या ५ जानेवारी २०२५ ला थांबणार होत्या आणि पुढच्या आवृत्तीत जाणं म्हणजे जवळजवळ नव्याने बांधणं. ते म्हणाले, “ताई, ताकद खूप आहे, पण सांभाळणारा माणूस पाहिजे. तुमच्याकडे कोण आहे?”

हाच प्रश्न मग मी वर्डप्रेसला लावून पाहिला. अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांना विचारलं, तर त्यातल्या दोघांनी ते वापरलेलं होतं. अमळनेरात, चोपड्यात, धुळ्यात कोणालाही विचारा, दहापैकी काहींना तरी वर्डप्रेस ठाऊक असतं. मी रजेवर गेले, निवृत्त झाले, तर पुढच्याला विचारायला माणूस मिळेल. साधन निवडताना मी दुसरी कसोटी लावली नाही. वेगवान कोणतं, सुरक्षित कोणतं यावर यूट्यूबवर तासन् तास भांडणारे लोक आहेत. आमच्या वाचनालयाच्या दहा-पंधरा पानांसाठी त्यातलं काहीच निर्णायक नव्हतं.

नाना वर्तमानपत्र बारकाईने वाचणारे. त्यांनी विचारलं, अमेरिकेत या वर्डप्रेसवरून कंपन्यांचा खटला चाललाय म्हणतात, उद्या बंद पडलं तर? खटला खराच होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखल झालेला. पण २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस सुरू केलं तेच मुळी ‘बी२’ नावाच्या थांबलेल्या एका मुक्त प्रणालीच्या कोडवरून. मूळ काम थांबलं तरी दुसऱ्याला ते उचलून पुढे नेता आलं, कारण परवाना तसा होता. हे ऐकून नाना म्हणाले, “मग इतिवृत्तात तसं एक वाक्य घाला.” घातलं.

इथे एक घोळ सगळ्या नवख्यांचा होतो, तो आधीच सांगते. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉमवर ऑटोमॅटिक ही कंपनी तुमची साइट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवते. खातं उघडलं की झालं, पण स्वतःचं डोमेन आणि बऱ्याच सोयी हव्या असतील तर त्यांचे पैसे. डॉट ऑर्गवर नुसतं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जागा तुम्ही घ्यायची. आम्हाला दुसरं हवं होतं. यूट्यूबवरचा व्हिडिओ यांपैकी कशाबद्दल आहे ते पहिल्या मिनिटात बघून घ्या, नाहीतर त्याच्या पडद्यावरचं बटण तुमच्या पडद्यावर सापडत नाही आणि दुपार जाते.

पैसे खर्च करण्याआधी हात बसवायला दोन वाटा आहेत. प्लेग्राउंड डॉट वर्डप्रेस डॉट नेट हा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की काहीही न बसवता चालतं-फिरतं वर्डप्रेस समोर येतं. वाट्टेल तसं मोडावं. जपून ठेवलं नाही तर टॅब बंद केल्यावर सगळं गायब. माझी भीती इथेच निम्मी झाली. दुसरी वाट म्हणजे आपल्याच संगणकावर झॅम्प बसवणं. त्यात सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र येतं. वाचनालयाच्या संगणकावर तो सर्व्हर सुरूच होईना. अभ्यासिकेतल्या मुलाने पाहिलं, ८० क्रमांकाचं पोर्ट दुसऱ्याच सॉफ्टवेअरने अडवलेलं होतं. त्याने ते ८०८० केलं आणि सुरू झालं. मग डेटाबेस तयार करताना त्याची अक्षरपद्धती ‘यूटीएफ८एमबी४’ने सुरू होणारी आहे ना, एवढं बघायचं, देवनागरीसकट सगळी अक्षरं, चिन्हं त्यात नीट राहतात. पुढे डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड, साइटचं नाव भरायचं. वर्डप्रेसवाले याला पाच मिनिटांचं इन्स्टॉलेशन म्हणतात. वीज गेली नाही तर तेवढंच लागतं.

डिसेंबर उजाडला आणि खरी अडचण समोर आली ती ईमेलची. वाचनालयाचा जीमेल होता, पण नव्या ठिकाणाहून उघडला की ओटीपी माजी चिटणिसांच्या फोनवर जायचा. ते आता मुलाकडे सुरतला. फोन करायचा, त्यांनी चष्मा शोधायचा, आकडे वाचायचे, तोवर मुदत संपायची. शेवटी संस्थेच्या नावे नवं सिम घ्यायचं ठरलं. त्याला नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, लेटरहेडवर अधिकारपत्र, नानांचं आधार आणि शिक्का लागला. लेटरहेडवरचा तो रेघ मारलेला पत्ता बघून दुकानातल्या मुलाने विचारलं, “ताई, हे खोडलं कोणी?” नवा ईमेल काढला, दुहेरी पडताळणी लावली आणि गूगल देतं ते दहा राखीव कोड कागदावर छापून घेतले. हे काम कंटाळवाणं आहे. पण डोमेनआधी हेच करा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट या एका ईमेलला टांगलेली असते.

डोमेन घेताना डॉट इन की डॉट ऑर्ग यावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि तो वाया गेला असं आता वाटतं. दोन्ही चालतात. आम्ही डॉट ऑर्ग घेतलं. देवनागरीत डॉट भारतही मिळतं, पण आमच्या निम्म्या सभासदांच्या फोनवर मराठी कळफलक सुरूच केलेला नसतो. नाव मात्र छोटं ठेवा. फोनवरून सांगताना स्पेलिंग एकेक अक्षर उच्चारून बघा. संस्थेचं पूर्ण नाव रोमनमध्ये लिहिलं असतं तर आमच्या पाकिटावर मावलं नसतं.

होस्टिंगच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात महिन्याचा दर असतो, तो बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर. शिवाय नूतनीकरणाचा दर वेगळा, खाली बारीक अक्षरात. आम्ही एका वर्षाचं घेतलं : होस्टिंग २,३८८ रुपये, डोमेन १,१५०, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,१७५ रुपये. पुढच्या वर्षी होस्टिंगच दुपटीहून जास्त होणार हे त्याच दिवशी लिहून ठेवलं. खरेदीच्या यादीत (कार्टमध्ये) आपोआप टाकलेल्या वस्तू, म्हणजे सशुल्क ईमेल, सशुल्क बॅकअप, सशुल्क एसएसएल, एकेक करून काढून टाका. एसएसएल, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र (काही ब्राउझर त्यासाठी पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह दाखवतात), लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. त्या प्रमाणपत्राची मुदत आम्ही घेतलं तेव्हा ९० दिवसांची होती, पण होस्टिंगच्या बाजूने ते आपोआप नवं होत राहतं. घेण्याआधी ‘फुकट एसएसएल आहे का’ एवढं चॅटवर विचारून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

पैसे भरायचे कसे? बँकेचं खातं दोन सह्यांचं, एटीएम कार्ड नाही, यूपीआय नाही. कंपनी चेक घेत नाही. खजिनदार म्हणाले, आधी बिल आणा मग पैसे. कंपनी म्हणते, आधी पैसे मग बिल. मी माझ्या यूपीआयने भरले आणि व्हाउचर करून परत घेतले. यात एक खबरदारी लागते : पैसे कोणाच्याही खात्यातून गेले तरी बिलावर नाव आणि पत्ता संस्थेचाच यायला हवा. पैसे भरण्याआधी खात्याच्या माहितीत ‘संस्थेचं नाव’ हा रकाना भरला की तसं येतं. आमच्याकडे जीएसटी क्रमांक नाही, तो रकाना रिकामा सोडला, काही अडलं नाही. लेखापरीक्षकांनी मार्चमध्ये बिल पाहिलं, ठरावाची तारीख पाहिली आणि पुढे गेले.

डॉट ऑर्गसारख्या डोमेनला मालकाच्या ईमेलवर पडताळणीचा मेल येतो. १५ दिवसांत त्यातल्या दुव्यावर क्लिक करावं लागतं, नाहीतर डोमेन तात्पुरतं बंद होतं. तो मेल आमच्याकडे स्पॅममध्ये पडला होता. डोमेन घेतलं की त्याच दिवशी स्पॅमची पेटी उघडून बघावी. सर्व्हर निवडताना भारतातला पर्याय होता, तो घेतला. पत्ता सगळीकडे उघडायला एक-दोन दिवस लागू शकतात असं लिहिलेलं असतं. वाचनालयात उघडायचं आणि माझ्या घरच्या फोनवर नाही, असं संध्याकाळपर्यंत चाललं, मग सुरळीत झालं.

वर्डप्रेस बसल्यावर लिहायची घाई होते. आधी ‘सेटिंग्ज’मध्ये बसा. साइटची भाषा मराठी केली की महिन्यांची नावं, ‘पुढे वाचा’ वगैरे मराठीत येतं आणि पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरलाही कळतं. मदतीला येणाऱ्या मुलाला मराठी डॅशबोर्डमध्ये (लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या कामाच्या पडद्यावर) बटणं सापडेनात, तर प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये भाषेचा वेगळा पर्याय आहे. त्याचा डॅशबोर्ड इंग्रजी, माझा मराठी, साइट मराठीच. वेळ भारताची, म्हणजे यादीतली कोलकात्याची, ठेवा. प्रतिक्रियांची सोय आम्ही सरळ बंद केली, त्या निवडायला माणूस नाही. आणि ‘वाचन’ या भागात शोधयंत्रांनी साइट धुंडाळू नये अशी एक चौकट असते. काम चालू असेपर्यंत तिच्यावर खूण असू द्यावी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती काढायची असं भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावं.

२४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते, त्यामुळे आमच्या भागात हा दिवस शाळा आणि वाचनालयं मनापासून करतात. आमची पहिली पोस्ट त्या कार्यक्रमाची. मथळा दिला ‘साने गुरुजी जयंतीनिमित्त विद्यार्थ्यांचे कथाकथन’. पोस्टचा पत्ता बघितला तर ‘जयंतीनिमित्त’ इथेच संपलेला. मदतीला येणाऱ्या त्या मुलाने उलगडा केला : वर्डप्रेस मथळ्यावरूनच पत्ता तयार करतं आणि त्यासाठी डेटाबेसमध्ये २०० जागा असतात. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह पत्त्यात साठवताना टक्क्याच्या खुणांसकट नऊ जागा खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. बावीस चिन्हं झाली की पट्टी संपली. आणि हाच दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ दिसते. लोकांना वाटतं काहीतरी फसवणुकीचं आहे. तेव्हापासून मथळा मराठीत आणि पत्त्याचा भाग रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा, हाताने लिहायचा असं ठरवून टाकलं. पोस्ट एकदा लोकांत गेल्यावर मात्र पत्ता बदलू नये.

जानेवारी सगळा मजकुरात गेला. वेबसाइट करणं म्हणजे नव्वद टक्के हेच, आणि हे कोणत्याच व्हिडिओत नसतं.

वाचनालयाचा इतिहास, आजवरच्या अध्यक्षांची यादी, हस्तलिखितांची टिपणं हे सगळं सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत होतं. छापखान्याच्या मालकांनी जुनी फाइल शोधून दिली, हे उपकारच. पण ती श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये. तिथून उचलून वर्डप्रेसमध्ये चिकटवलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. कारण त्या फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. फाँट काढला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कुठेही मराठीच राहतो आणि गूगललाही सापडतो. जुन्या फाँटातून युनिकोड करून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. आपल्या फाँटचं नेमकं नाव माहीत असेल तर ती चांगली चालतात.

चांगली म्हणजे ऐंशी टक्के. ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो. ऱ्हस्व वेलांटी शब्दाच्या आधीच्या जागेला जाऊन चिकटते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य कधी सुटा पडतो, कधी चौकोन होतो. जोडाक्षरांतला हलन्त तसाच लोंबकळतो. मी आणि आमच्या एक निवृत्त शिक्षिका सभासद, दोघी दुपारी देवघेव बंद असताना बसायचो. त्या छापील स्मरणिकेतून मोठ्याने वाचायच्या, मी पडद्यावर दुरुस्त करायची. वाचता वाचता त्यांना छापील स्मरणिकेतल्याही चुका सापडल्या आणि एका माजी अध्यक्षांचं साल बदललं. त्यावर त्यांच्या नातवाशी फोनवर बोलून, जुन्या इतिवृत्ताची वही काढून खात्री केली. स्कॅन करून पीडीएफ टाकलं असतं तर एका दुपारीत झालं असतं. पण ते नुसतं चित्र. त्यातलं नाव कोणी शोधलं तर सापडणार नाही. स्मरणिकेतलं नाव शोधायलाच लोक येतात.

शोधावरून अजून एक. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं : एकसंध ‘ॲ’, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखं, संगणकाला वेगळं. एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर हाती लागत नाही. आम्ही एकसंध ‘ॲ’ पक्का केला आणि तसं टंकलेखकाच्या टेबलावर चिकटवलं.

थीमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्डप्रेसबरोबर येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह घेतली. फाँट टिरो देवनागरी मराठी निवडला, कारण त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत. फाँट मुक्त आहे आणि मजकुरात चांगला दिसतो. घसरत्या चित्रांची पट्टी हवी असा आग्रह काहींचा होता, मी दाद दिली नाही. फोनवर नेट जेमतेम असलेल्या गावात पहिल्या पानावर पाच मोठे फोटो म्हणजे कोरं पान बघत बसणं. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. वर्डप्रेस मोठ्या फोटोची २५६० पिक्सेलपर्यंतची प्रत करून वापरतं, पण मूळही सर्व्हरवर राहतं आणि जागा खातं. आधीच लहान करून चढवायचा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या सहीशिवाय टाकायचे नाहीत आणि सभासदांची यादी, फोन नंबर साइटवर कधीच नाहीत, हे दोन्ही बैठकीत लेखी करून घेतलं.

‘पान’ आणि ‘पोस्ट’ यांतला फरक कार्यकारिणीला समजावताना सोपं पडलं : पान म्हणजे भिंतीवर कायमचा लावलेला नियमांचा फलक, पोस्ट म्हणजे सूचनाफलकावरचा रोजचा कागद. वेळा, वर्गणी, इतिहास, संपर्क ही पानं. व्याख्यानं, नवीन पुस्तकं, सुट्ट्या या पोस्ट. वेळा आणि वर्गणी सगळ्यात वर ठेवली. लोक तेच बघायला येतात.

प्लगइन म्हणजे वरून जोडायचे भाग, हजारोंनी फुकट मिळतात आणि तिथेच माणूस वाहवत जातो. प्रत्येक प्लगइन म्हणजे आणखी एका अनोळखी माणसाचं कोड, जे अद्ययावत ठेवावं लागतं. आम्ही बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस आणि चुकीच्या लॉगिनला आळा घालणारा एक, एवढेच ठेवले. दुसऱ्याची गरज का, ते त्याची नोंदवही उघडल्यावर कळलं. साइटचा पत्ता आम्ही अजून जाहीर केलाही नव्हता, तरी ‘ॲडमिन’ या नावाने लॉगिन करायचे प्रयत्न जगभरातून चालू होते. कोणी वैरी नाही, यंत्रंच सगळीकडे दारं ठोठावत फिरतात. म्हणून वापरकर्त्याचं नाव ‘ॲडमिन’ ठेवू नये आणि पासवर्ड लांबलचक ठेवावा. फुकटच्या नावाखाली मिळणाऱ्या ‘सशुल्क थीम’ तर घेऊच नका. मोफत दिलेल्या त्या फाइलींत काय घुसवलेलं असेल सांगता येत नाही.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, उद्घाटन करायचा बेत होता. पण ११ तारखेपासून बारावीची आणि २१ पासून दहावीची परीक्षा सुरू झाली. अभ्यासिका पहाटेपासून भरलेली, खुर्च्या कमी, पाण्याचा जार दिवसातून अनेकदा बदलायचा, आणि मदतनीस मुलाचीही स्पर्धा परीक्षा जवळ. बेत गुढीपाडव्यावर, ३० मार्चवर, गेला. कोणाचंही काही बिघडलं नाही.

या लांबलेल्या महिन्यात मी चाव्यांचं काम पुरं केलं. वर्डप्रेसमध्ये पाच प्रकारच्या भूमिका असतात : प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य. प्रशासक दोनच, मी आणि नाना. सहायक ग्रंथपाल संपादक. मदतनीस मुलाला काम चालू असताना प्रशासक केलं होतं, काम झाल्यावर त्यानेच आठवण करून स्वतःला लेखक करून घेतलं. डोमेनचं खातं, होस्टिंगचं खातं, ईमेल, वर्डप्रेस, अशा चार चाव्या आणि ते राखीव कोड एका पाकिटात घालून, लाख लावून, जडवस्तू नोंदवहीच्या कपाटात ठेवले. पदभार देताना-घेताना जी यादी होते, तिच्यात किल्ल्यांच्या जुडग्याखाली ‘वेबसाइटचे पाकीट’ अशी नवी ओळ आली. डोमेनच्या मुदतीची तारीख अनुदानाच्या अहवालाच्या तारखांशेजारी लिहिली आणि २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ‘वेबसाइट नूतनीकरण’ असं वेगळं शीर्षक मागून घेतलं. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तरी हे पैसे वर्गणीतून काढायचे, असंही.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर आप्पांनी माऊसचं बटण दाबलं. पडद्यावर वाचनालयाची जुनी दगडी पायरी आणि वेळापत्रक आलं. शेजारच्या दुकानातले एक आजोबा बराच वेळ मागून बघत होते. त्यांनी विचारलं, “हाई काय शे?” सहायकाने त्यांच्या फोनवर उघडून दिली, तर त्यांनी सगळ्यात आधी स्मरणिकेत स्वतःच्या वडिलांचं नाव शोधलं. सापडलं, देणगीदारांच्या यादीत.

१५ एप्रिलला वर्डप्रेसची ६.८ ही आवृत्ती आली आणि डॅशबोर्डवर अद्ययावत करण्याची सूचना झळकली. मी आधी बॅकअप घेतला, तो गूगल ड्राइव्हवर गेल्याची खात्री केली, मग बटण दाबलं. बॅकअप घेऊन भागत नाही, तो परत बसवता येतो का तेही बघायला हवं. आम्ही तो वाचनालयाच्या संगणकावरच्या झॅम्पमध्ये बसवून पाहिला. आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी बॅकअप आणि अद्ययावत करणं, असं सहायकाच्या कामांच्या यादीत आहे.

पुस्तकांची सूची अजून साइटवर नाही. लोक विचारतात. वर्डप्रेसमध्ये हजारो पुस्तकांची यादी एकेक पान करून टाकता येईल, पण देवघेव, दाखलअंक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक), वर्गीकरण हे त्याचं काम नव्हे. त्यासाठी न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली कोहा ही मुक्त प्रणाली आहे, आपल्याकडे केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. दोन्हींसाठी आधी दाखल नोंदवही युनिकोडमध्ये यायला हवी. नोंदवहीचे जुने खंड शाईने लिहिलेले, काही पानं वाळवीने खाल्लेली. सध्या सहायक आणि मी रोज संध्याकाळी थोडं थोडं एक्सेलमध्ये भरतो आहोत. सूचीच्या सॉफ्टवेअरचा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे, यावेळी ‘ऐनवेळचे विषय’ याच्या वर.